१२४० कॉन्टॅक्ट्स आणि एक पी.पी. नंबर

कॉल, एसएमएस, चॅट, ईमेल... सगळं जग खिशात घेऊन आपण फिरतो. मग सांगलीहून आलेले चार कॉल मला ऐकूच कसे आले नाहीत? स्वतःच्याच फोनची झडती घेण्यात घालवलेल्या एका रविवारची ही गोष्ट.

गुरुवारची संध्याकाळ. आर्टिकलची डेडलाईन रात्री दहाची, लिहून झालंय जेमतेम निम्मं, आणि अशा वेळी फोन वाजतो. ‘मॅडम, प्री-अप्रूव्ह्ड लोन आहे तुमच्या नावावर...’ फ्रीलान्सरला घर घ्यायचं म्हटलं की बँकेत कुणी दारात उभं करत नाही, पण फोनवर मात्र दिवसातून पाच जण पैसे घेऊन मागे लागलेले. कंटाळून मी महिन्याभरापूर्वीच एक सेटिंग करून टाकलं होतं. रोज संध्याकाळी सात ते दहा, ‘डू नॉट डिस्टर्ब’. फक्त कॉन्टॅक्ट्समध्ये सेव्ह असलेल्या लोकांचे कॉल वाजणार, बाकी सगळ्यांची बोलती बंद. त्यात ‘रिपीट कॉलर्स’ नावाचा एक ऑप्शन असतो. तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल, तर काहीतरी अर्जंट असणार असं समजून फोन त्याला आत सोडतो. हा ऑप्शन मी मुद्दाम ऑफ केला होता. का? तर लोनवाले पण दोनदा करतात!

काय शांतता होती म्हणून सांगू! त्या तीन तासांत मी सहा ईमेल्सना उत्तरं दिली, कॉलेजच्या ग्रुपवर रविवारी मिसळ कुठे खायची यावर हिरिरीनं मत मांडलं, आणि आर्टिकल दहाला पाच कमी असताना पाठवून दिलं. मध्ये एकदा साडेनऊच्या सुमारास चार मिस्ड कॉल दिसले. ७.५२, ७.५५, ८.१०, ८.४१. एकच नंबर, अनोळखी. म्हटलं, आज लोनवाल्यांचं टार्गेट राहिलेलं दिसतंय. नंबर ब्लॉक करणार होते, पण आळस केला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आईचा फोन आला. ‘बाबा बाथरूममध्ये पडलेत. मनगट मोडलंय. वरच्या काकूंनी नेलं दवाखान्यात. तुला चार फोन केले म्हणे त्यांनी.’

आई कोल्हापूरला मावसबहिणीच्या मुलीच्या हळदीला गेलेली. तिचा फोन पर्समध्ये, पर्स खोलीत आणि खोलीला कुलूप. बाबांचा स्वतःचा फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला. बाबा बाथरूमच्या फरशीवर. त्यांनी हाका मारल्या, वरच्या काकू खाली आल्या, दार ढकलून आत गेल्या, रिक्षा आणली, दवाखाना गाठला. तिथपर्यंत सगळं ठीक. मग डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत?

बाबांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू आहेत. नाव विचारलं की बाबा सांगतात, ‘एक छोटी पिवळी आणि एक जरा मोठी.’ नावं आईला पाठ आहेत. आणि माझ्याकडे प्रिस्क्रिप्शनचा फोटो आहे, ह्याच फोनमध्ये. काकू फोन करत होत्या तो त्या फोटोसाठी. शेवटी त्यांचा मुलगा पुण्याहून फोनवरून सांगत राहिला तसं काकूंनी घरी परत येऊन कपाट उचकलं, गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली आणि पुन्हा दवाखान्यात नेऊन दिली. वय वर्षं सदुसष्ट, आणि त्यांचे स्वतःचेच गुडघे दुखतात.

बाबा आता बरे आहेत. प्लास्टर आहे, कुरकुर आहे, म्हणजे सगळं नॉर्मल. पण मी शुक्रवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर पडल्या पडल्या एकच आकडा बघत होते. माझ्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स : १२४०. त्यात ‘ब्रोकर अंधेरी २ (खोटारडा)’ होता. ‘पीआर मॅडम फेस वॉश’ होती. २०१८ सालच्या इंटर्नशिपमधला ‘ऑफिस चहा’ होता. ज्या बाईंनी माझ्या बापाला रिक्षात घातलं, त्यांचा नंबर नव्हता.

रेक्झिनची डायरी

सांगलीच्या घरी लँडलाईन बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण फोनचं ते छोटं स्टूल अजून आहे आणि स्टुलाच्या कप्प्यात लाल रेक्झिनची फोन डायरी आहे. शनिवारी दुपारी बाबा झोपल्यावर मी ती काढून बसले. ‘ग’मध्ये गॅस. ‘द’मध्ये दूधवाला, डॉक्टर आणि दत्ताच्या देवळातले गुरुजी. सगळ्या नंबरांच्या पुढे मागाहून निळ्या पेनानं एक ‘२’ जोडलेला, कारण मध्यंतरी सगळे लँडलाईन नंबर एका आकड्यानं वाढले होते आणि बाबांनी एका बैठकीत अख्खी डायरी अपडेट केली होती. आपण ज्याला सिंक म्हणतो ना, तेच. फक्त हातानं.

‘व’च्या पानावर सगळ्यात वर : ‘वरचे – पी.पी.’

ही पी.पी. भानगड पंचविशीतल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. मलाही बाबांनी जागे झाल्यावर समजावून सांगितली. फोन मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं तो काळ. आळीत एका घरी फोन असायचा आणि तो सगळ्या आळीचा असायचा. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर, नोकरीच्या अर्जात लोक बिनधास्त शेजाऱ्यांचा नंबर द्यायचे आणि पुढे लिहायचे ‘पी.पी.’ म्हणजे फोन आमचा नाही, पण केलात तर आम्हाला बोलावतील. पलीकडचा माणूस सांगायचा, ‘जरा खालच्या भाऊंना बोलावता का? मी पाच मिनिटांनी परत करतो.’ मग काकू गॅलरीतून हाक मारायच्या, ‘भाऊऽऽ, फोन!’ आणि बाबा बनियनवर शर्ट चढवत जिना चढायचे.

‘तू झालीस तो निरोपसुद्धा त्याच फोनवर आला होता,’ बाबा म्हणाले. आई बाळंतपणाला कोल्हापुरात. मामानं एसटीडी बूथवरून काकूंचा नंबर फिरवला. म्हणजे मी जगात आल्याची खबर बाबांच्या आधी काकूंना मिळाली होती. आणि अठ्ठावीस वर्षांनी मी त्यांना लोनवाली समजले.

ज्याचा त्याचा फोन

पी.पी. गेला कुठे, याचा हिशोब फार अवघड नाही. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला, केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला. देशातला तो पहिला मोबाईल कॉल मानला जातो. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि गंमत म्हणजे आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. त्यामुळे मोबाईल ही कमरेला लावून मिरवायची वस्तू होती. घासाघीस करून बोलायची नव्हे, तर न बोलायची! २००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि चित्र पालटलं. रिक्षावाला, प्लंबर, भाजीवाली, सगळ्यांना स्वतःचा नंबर मिळाला. फोन घराचा होता, तो माणसाचा झाला.

बॉस, ही काही वाईट गोष्ट नव्हे. ज्या पोरींना घरच्यांसमोर स्टुलावर बसून ‘हो... नाही... उद्या सांगते’ एवढंच बोलता यायचं, त्यांना विचारा. पण घराचा फोन होता तेव्हा डायरीत घरं होती. आता कॉन्टॅक्ट्समध्ये माणसं आहेत, आणि त्यातही फक्त आपल्याला कामाची वाटलेली. बाबांचा नंबर माझ्याकडे आहे, आईचा आहे, म्हणजे सांगलीचं घर माझ्या फोनमध्ये आहे, असं मी धरून चालले होते. ते दोन्ही फोन एकाच वेळी कुलपात आणि चार्जिंगला असतील तर? ही शक्यता माझ्या डोक्यात कधी आलीच नाही. डायरीवाल्या बाबांच्या डोक्यात ती होती. त्यांनी माझा मोबाईल नंबर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. काकूंना तो तिथेच सापडला.

‘कॉल करू का?’

खरं सांगायचं तर आपल्या पिढीचं फोनवर बोलण्याशी जरा बिनसलंच आहे. माझी एक मैत्रीण बीकेसीत बँकेत आहे. दिवसभर क्लायंटशी बोलते, पण स्वतःचा फोन वाजला की तिच्या पोटात गोळा येतो. ‘न सांगता कॉल म्हणजे कुणीतरी गेलं किंवा कुणाला तरी पैसे हवेत,’ असं तिचं शास्त्र. दुसरा मित्र हिंजवडीत आहे. त्याचा नियम, आधी मेसेज करायचा, ‘कॉल करू का?’ मग त्यानं ‘दहा मिनिटांत’ म्हणायचं. मग दोघांनीही विसरून जायचं. मीही त्यातलीच. आपल्याला मेसेज सभ्य वाटतो आणि कॉल घुसखोरी. आईबाबांच्या पिढीचं बरोबर उलटं. त्यांना कॉल म्हणजे आपलेपणा आणि मेसेज म्हणजे टाळाटाळ. ‘एवढं टाइप करतेस, त्यापेक्षा बोलली असतीस’ हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी मुलगा किंवा मुलगी मला दाखवा.

मेसेजची सवय लागली ती एसएमएसपासून. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या इंजिनिअरनं पाठवला. नाताळच्या शुभेच्छांचे दोन शब्द, बस्स. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात. आता मराठीची गंमत ऐका. देवनागरीत लिहिलं की तीच मर्यादा ७० वर येते, कारण आपल्या लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला मेसेजमध्ये जास्त जागा लागते. काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. बरं, तेव्हाच्या बऱ्याच फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. म्हणून आपण सगळे रोमन मराठी शिकलो. आज फोनवर मराठी कीबोर्ड आहे, बोललं की टाइप होतं, अक्षरांचे पैसे पडत नाहीत. तरी माझी आई रोज रात्री इंग्रजी अक्षरांतच विचारते, जेवलीस का. तिला सांगितलं, अगं आता मराठीत लिही की. तर म्हणाली, ‘मराठीत लिहिलं की पत्र लिहिल्यासारखं वाटतं. मग खुशाली पण विचारावी लागते.’

अनोळखी लोकांना गप्प करण्याची सोय तर आता पावलापावलावर आहे. आयफोनवर २०१९ पासून अनोळखी नंबर सायलेंट करता येतात. व्हॉट्सअॅपनं जून २०२३ मध्ये तीच सोय दिली. मी दोन्हीकडे दारं लावून घेतली होती. काकूंनी व्हॉट्सअॅपवरून कॉल करून बघितला होता म्हणे, तोही तसाच गिळला गेला. आणि ह्यात फोनला दोष देऊन उपयोग नाही. पलीकडच्या माणसाला रिंग नेहमीसारखीच ऐकू येते. त्याला वाटतं, फोन वाजतोय, ही उचलत नाहीये. काकू मला नंतर म्हणाल्या, ‘म्हटलं कामात असशील.’ रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोपा उपाय म्हणून आता कॉल करणाऱ्याचं नाव स्क्रीनवर दाखवण्याची योजना आली आहे. ट्रायनं फेब्रुवारी २०२४ मध्ये तशी शिफारस केली, सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव दिसावं अशी. विक्रीच्या कॉलसाठी १४० पासून सुरू होणारे नंबर आहेत, बँकांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ची मालिका आहे. चांगलंच आहे. पण काकूंचं सिम त्यांच्या पुण्याच्या मुलानं घेतलंय. म्हणजे मला दिसलं असतं एका अनोळखी पुरुषाचं नाव. मी उचलला असता? नाही.

मेलचं मात्र ऐकू येतं

सगळ्यात जास्त लाज मला ईमेलची वाटली. चार कॉल ऐकू आले नाहीत, पण सहा मेल मात्र त्याच वेळात वाचून, उत्तर देऊन मोकळी! कारण डू नॉट डिस्टर्बमध्ये मी मेलच्या अॅपला सूट दिली होती. एडिटरचा मेल चुकला तर पेमेंट चुकेल, ही भीती.

पूर्वी मेल ‘बघायला जावं’ लागायचं. सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन बसायचं, इनबॉक्स उघडायचा, काही नसलं की बंद करून यायचं. ब्लॅकबेरीनं हे उलटं केलं. मेल सर्व्हरवर आला की फोनकडे आपोआप ढकलला जायचा. भारतात ब्लॅकबेरी २००४ मध्ये आला आणि मोठ्या साहेबांच्या हातात तो लाल दिवा लुकलुकू लागला. मग हळूहळू तो लुकलुकाट सगळ्यांच्याच वाट्याला आला. जुन्या ब्लॅकबेरी फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ ला कायमची बंद झाली, पण त्यानं लावलेली सवय मागे राहिली. रात्री साडेदहाला मॅनेजरचा मेल आला की आपण पलंगावर ताठ होऊन बसतो.

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’चं खासगी विधेयक मांडलं होतं. कामाचे तास संपल्यावर ऑफिसचा कॉल किंवा मेल न घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असं. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी पुन्हा तसं विधेयक मांडलं. खासगी विधेयकं पास होणं आपल्याकडे फार दुर्मिळ, ते सोडा. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून असे कायदे आहेत. मी ह्या विषयावर दोनदा लिहिलंय, ऑफिसवाल्या मित्रांना भाषणं दिली आहेत. आणि माझ्या स्वतःच्या फोनवर संध्याकाळी सातनंतर कुणाला प्रवेश होता? ऑफिसला. कुणाला नव्हता? सांगलीला.

रविवारची साफसफाई

मग रविवारी मी कॉन्टॅक्ट्सची यादी अ पासून ज्ञपर्यंत चाळली. अडीच तास लागले. ज्यांना वाटतं की हे दहा मिनिटांचं काम आहे, त्यांनी करून बघावं.

पहिला धक्का, १२४० पैकी माणसं तेवढी नव्हतीच. एकच माणूस तीन-तीनदा. एकदा फोनमधून, एकदा जीमेलमधून, एकदा जुन्या सिममधून. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये डुप्लिकेट शोधून एकत्र करायची सोय आहे, त्यात पाव यादी आटली. दुसरा धक्का सिमचा. नवीन नंबर सेव्ह करताना फोन विचारतो, कुठे ठेवू? अकाऊंटमध्ये, फोनमध्ये की सिमवर? आपण न बघता ठोकून देतो. अकाऊंटमधलं तेवढंच सिंक होतं, फोन हरवला तरी दुसऱ्या फोनवर परत येतं. फोनमध्ये नुसतं ठेवलेलं फोनबरोबर जातं. आणि सिमवर साधारण अडीचशे नावांची जागा, तीही तोकड्या नावांची, त्यामुळे माझ्याकडे ‘सांग दवा’ असा एक कॉन्टॅक्ट निघाला. सांगली दवाखाना की सांगली दवाखान्याचं मेडिकल? फोन लावून बघितला. मेडिकल. आता नीट नावानं अकाऊंटमध्ये सेव्ह आहे.

काही नावं पुसताना हात थांबला. आजोबांचा नंबर आहे. ते २०२१ मध्ये गेले. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे आहे, व्हॉट्सअॅपवर त्याच्या बाईकचा फोटो दिसतो. ठेवला. कुणाला काय करायचंय?

मग रेक्झिनची डायरी मांडीवर घेतली आणि उलट दिशेनं सुरू केलं. डायरीत आहे आणि माझ्याकडे नाही, असं कोण कोण? कोपऱ्यावरचा रिक्षास्टँडवाला. बाबांचे बँकेतले मित्र, जे रोज सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जातात. गॅस एजन्सी. खालच्या गल्लीतले डॉक्टर, जे अजून घरी येतात. अकरा नंबर निघाले. सगळ्यांना ‘सांगली’ असं लेबल लावलं आणि स्टार दिला. स्टार दिलेल्यांचे कॉल डू नॉट डिस्टर्बमधूनही वाजतील असं करता येतं. आयफोनवर हेच ‘इमर्जन्सी बायपास’ या नावानं प्रत्येक कॉन्टॅक्टपुरतं करता येतं. रिपीट कॉलर्सचा ऑप्शन परत ऑन केला. लोनवाल्यांनी दोनदा छळलं तरी चालेल, असा निर्णय घेतला आणि डीएनडीसाठी १९०९ वर नाव नोंदवलं.

सगळ्यात महत्त्वाचं काम बाबांच्या फोनवर केलं. लॉक असलेल्या फोनवरही इमर्जन्सीचं बटण असतं. तिथे आपली मेडिकल माहिती आणि जवळच्या माणसांचे नंबर भरून ठेवता येतात. फोन अनलॉक न करता कुणालाही ते बघता येतं, अँड्रॉइडवरही आणि आयफोनवरही. छोट्या पिवळीचं आणि जरा मोठीचं पूर्ण नाव, डोस, अँजिओप्लास्टीची तारीख, आईचा आणि माझा नंबर, सगळं भरलं. बाबा बाजूला बसून बघत होते.

‘हे सगळं दिसणार कुणालाही?’
‘हो. इमर्जन्सीत.’
‘मग त्यापेक्षा कागदावर लिहून पाकिटात ठेवतो. फोन चार्जिंगला असला तर?’

मुद्दा बरोबर होता. दोन्ही केलं. कागद आईनं लॅमिनेट करून आणला, एक पाकिटात आणि एक कालनिर्णयच्या मागे.

आता राहिल्या काकू. खरं म्हणजे त्यांचा नंबर माझ्या कॉल लॉगमध्येच होता, चार-चारदा. एका टचमध्ये सेव्ह झाला असता. पण म्हटलं, असं चोरून नको. पेढे घेतले आणि जिना चढले. काकू टीव्हीसमोर भाजी निवडत होत्या.

‘काकू, तुमचा नंबर द्या.’
‘आहे की तुझ्याकडे. चार वेळा केला होता!’
‘तुमच्याकडून घ्यायचाय.’

त्यांनी चष्मा लावला. स्वतःचा नंबर त्यांना पाठ नाही, हे उघड झालं. ‘थांब, मिस कॉल देते, तो ठेव.’ आतून एक चिठ्ठी आणली, तीवर माझा नंबर होता. एकेक आकडा बोटानं दाबला, फोन कानाला लावला आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघत बसल्या.

काहीच नाही.

‘रिंग जातेय की गं.’

मी घड्याळात बघितलं. सात वाजून दहा मिनिटं. अडीच तास सगळी साफसफाई केली, पण सात ते दहाचं टायमिंग मी बंदच केलं नव्हतं, आणि काकू अजून यादीत नव्हत्या. स्क्रीनवर त्यांचा नंबर मुकाट लुकलुकत होता.

‘काकू, ठेवा. एक मिनिट.’ तिथेच उभ्या उभ्या सेव्ह केला. नाव : ‘वरच्या काकू (पी.पी.)’. स्टार दिला. ‘आता परत करा.’

त्यांनी परत एकेक आकडा दाबला. जिन्यात, गॅलरीत, खालपर्यंत ऐकू जाईल असा फोन वाजला. मी उचलला नाही, वाजू दिला. खालून बाबांचा आवाज आला,

‘अगं, फोन वाजतोय तुझा. घे की!’